वाट सर्वांची, पावती मंडळाची

सार्वजनिक मालकीची जमीन सर्वांची असते, हे विधान नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जितके सरळ वाटते तितके ते व्यवहारात सरळ राहत नाही. त्या जमिनीवरून जाणारी वाट कोणी आखावी, पावसाने वाहून गेलेला तिचा भाग कोणी भरून काढावा, ओढ्यावरचा लाकडी साकव मोडला तर तो कोणी उभारावा, आणि या सर्वांचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न उपस्थित झाले की ‘सर्वांची’ या शब्दाचा अर्थ ‘कोणाचीच नाही’ असा होण्यास फारसा वेळ लागत नाही. कॅनडा आणि अमेरिका या देशांच्या काही भागांत गेल्या काही दशकांत या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर मिळाले आहे. जंगलातील कच्च्या वाटांवर डर्ट बाइक, रानगाडी किंवा बर्फगाडी चालवावयाची असेल, तर प्रथम एखाद्या क्लबचे वर्गणीदार सभासद व्हावे, सभासदत्वाचा बिल्ला वाहनावर चिकटवावा आणि मगच वाटेवर चाक ठेवावे. जमीन सरकारची किंवा स्थानिक संस्थेची; प्रवेशाची किल्ली मात्र खासगी मंडळाच्या हाती.

प्रथमदर्शनी हा मूठभर हौशी स्वारांचा प्रश्न वाटेल. हजारो डॉलरची मोटारसायकल घेणाऱ्याने आणखी काही डॉलर वर्गणी भरली तर त्यात रडण्यासारखे काय आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु एखाद्या तत्त्वाची परीक्षा अशा लहानसहान प्रसंगांतच होत असते. सार्वजनिक मत्तेचा उपभोग घेण्यासाठी नागरिकाने एखाद्या खासगी संघटनेत सामील झालेच पाहिजे, अशी अट शासनाला घालता येते काय? आणि येत असेल तर त्या संघटनेवर शासनाची व जनतेची देखरेख कोणत्या स्वरूपाची असावी? हे प्रश्न मोटारसायकलींपुरते मर्यादित नाहीत. उद्या ते तळ्यावर, मैदानावर, समुद्रकिनाऱ्यावर आणि डोंगरावरही येऊन उभे राहतील.

वाळूतून उभे राहिलेले जंगल

ऑन्टॅरिओ प्रांतातील सिमको काउंटीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेल्या वसाहतकारांनी पाइनची उंच जंगले तोडली आणि त्या हलक्या, वालुकामय जमिनीवर शेती सुरू केली. काही वर्षांतच जमिनीचा कस गेला, वाऱ्याबरोबर वाळू उडू लागली आणि अनेक शेते ओसाड पडली. १९२२ साली काउंटीने प्रांतिक सरकारशी करार करून हेन्ड्री या भागात वृक्षलागवड हाती घेतली. प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान ई. सी. ड्र्युरी हे याच काउंटीतील शेतकरी होते आणि वनसंवर्धनाचे पुरस्कर्तेही होते. शंभर वर्षांच्या सातत्यपूर्ण उद्योगातून तेथे आज ३३,००० एकरांहून अधिक क्षेत्राचे जंगल उभे आहे. ऑन्टॅरिओतील नगरपालिका-काउंटींच्या मालकीच्या जंगलांत ते सर्वांत मोठे मानले जाते.

हे जंगल कोणा उमरावाची जहागीर नव्हे. ते करदात्यांच्या पैशातून, ओसाड पडलेली जमीन विकत घेऊन, रोप रोप लावून उभे करण्यात आले आहे. तेथे पायी फिरणाऱ्या नागरिकाला कोणत्याही मंडळाची वर्गणी भरावी लागत नाही. मोटारसायकलस्वाराला मात्र ठरवून दिलेल्या वाटांवर प्रवेश मिळतो तो ‘ऑन्टॅरिओ फेडरेशन ऑफ ट्रेल रायडर्स’ या ना-नफा संघाच्या सभासदत्वामार्फत. काउंटीने संघाशी करार करावयाचा, संघाने वाटांची देखभाल व शिस्त सांभाळावयाची आणि स्वाराने संघाचे सभासद व्हावयाचे, अशी ही तिपेडी व्यवस्था आहे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्फगाड्यांच्या बाबतीत हाच मार्ग याहून आधी रूढ झाला. १९६७ साली स्थापन झालेल्या तेथील राज्यव्यापी संघाच्या वाटांचे जाळे हजारो मैलांचे आहे. त्या वाटांवर यायचे तर स्थानिक क्लबचे सभासद होऊन देखभाल-आकार भरावा लागतो आणि या व्यवस्थेला राज्याच्या कायद्याचा आधार आहे. तेथे एक महत्त्वाचा भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. व्हरमाँटमधील यांपैकी बहुतांश वाटा खासगी शेतकऱ्यांच्या जमिनींवरून जातात. मालकाने आपल्या जमिनीवरून कोणाला जाऊ द्यावे हा त्याचा अधिकार असल्यामुळे ‘क्लबच्या सभासदांनाच येऊ देईन’ असे त्याने म्हटले तर त्यात वावगे काही नाही. सार्वजनिक जमिनीला तोच न्याय लावताना मात्र विचार करावा लागतो.

रानवाटेचे अर्थकारण

या व्यवस्थेची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद दुबळा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची जी व्याख्या पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली केली, तिच्यानुसार एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी न येणारी वस्तू ती शुद्ध सार्वजनिक वस्तू होय. दीपस्तंभाचा प्रकाश हे तिचे पारंपरिक उदाहरण. रानवाट या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही. दहा स्वार गेले तर वाट तशीच राहते. ओल्या मातीवरून पाचशे गेले की खोल चाकोऱ्या पडतात, त्यांतून पाणी वाहू लागते आणि उतारावरची माती ओढ्यात जाते. पायी चालणाऱ्याच्या मानाने मोटारसायकलच्या चाकाने होणारी झीज पुष्कळच अधिक असते. म्हणजे ही वस्तू सार्वजनिक असली तरी गर्दीने झिजणारी आहे.

अशा मधल्या जातीच्या वस्तूंचा विचार जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ साली ‘क्लबचा आर्थिक सिद्धान्त’ मांडून केला. पोहण्याचा तलाव एकट्याने बांधणे परवडत नाही आणि सर्व गावाला मोकळा ठेवला तर कोणालाच पोहता येत नाही. म्हणून ठरावीक सभासदांनी वर्गणी काढून तो बांधावा, सांभाळावा, आणि सभासदसंख्या कोठे थांबवावी हे खर्च व गर्दी यांच्या मेळातून ठरवावे, असे त्या सिद्धान्ताचे सार आहे. रानवाटेला हा सिद्धान्त लागू पडतो असे क्लबवाल्यांचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे.

त्याच वर्षी, १९६५ मध्येच, मॅन्कर ऑल्सन यांनी सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या एका अडचणीवर बोट ठेवले. ज्या कामाचे फळ सर्वांना मिळणार ते काम करण्यास एकेकटा मनुष्य उत्सुक नसतो. दुसरा कोणी करील आणि आपणांस आयते मिळेल, अशी त्याची अटकळ असते. रानवाटांच्या बाबतीत हे दृश्य अगदी स्पष्ट दिसते. सुट्टीच्या दिवशी कुऱ्हाडी, करवती आणि फावडी घेऊन आडवी पडलेली झाडे बाजूला करणारे, दलदलीच्या जागी फळ्या टाकणारे, दिशादर्शक पाट्या ठोकणारे स्वयंसेवक थोडे असतात. त्यांचे काम म्हणजे घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे. त्या वाटेवरून भरधाव जाणारे मात्र पुष्कळ असतात, आणि त्यांतीलच एखादा सायलेन्सर काढून टाकतो, वाट सोडून रोपवाटिकेत शिरतो किंवा घोडेस्वाराला घाबरवतो. मग शेजारचे रहिवासी तक्रार करतात आणि वनाधिकारी सर्वच स्वारांना वाट बंद करतो. चुकणारा एक, शिक्षा सर्वांना.

क्लबवाल्यांचा खरा युक्तिवाद येथे आहे. त्यांच्या मते सक्तीचे सभासदत्व आणि मुक्त प्रवेश हे दोन पर्याय प्रत्यक्षात समोर नसतातच. एका बाजूला सभासदत्व आणि दुसऱ्या बाजूला बंद फाटक, अशी ती निवड असते. काउंटीकडे प्रत्येक वाटेवर पहारेकरी ठेवण्याइतका पैसा नाही. ज्यांच्याशी करार करता येईल, ज्यांना जाब विचारता येईल अशी संघटना असेल तरच ती मोटारसायकलींना दार उघडते. संघटना नसेल तर ‘प्रवेश बंद’ची पाटी लावणे हा तिच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

कायद्याने दाखविलेली वाट

यात आणखी एक धागा आहे. तो विम्याचा व दायित्वाचा. ऑन्टॅरिओच्या १९८० च्या जमीनधारकांच्या दायित्वविषयक कायद्यात करमणुकीसाठी ग्रामीण जमिनीवर येणाऱ्यांबाबत एक विशेष तरतूद आहे. अशा माणसाकडून प्रवेशाबद्दल शुल्क घेतलेले नसेल, तर त्याने जोखीम स्वेच्छेने पत्करली असे मानले जाते आणि अपघात झाल्यास जमीनधारकावरील जबाबदारी बरीच सौम्य राहते. हेतुपुरस्सर धोका निर्माण करणे किंवा बेफिकिरीची परिसीमा करणे एवढेच त्याला वर्ज्य असते. शुल्क घेतले की ही सवलत संपते. परंतु या नियमाला त्याच कायद्यात एक अपवाद ठेवलेला आहे. जमीनधारकाला शासनाकडून किंवा करमणुकीच्या ना-नफा क्लबकडून काही मोबदला मिळाला, तर तो शुल्क धरला जात नाही.

या तरतुदीचा आर्थिक परिणाम काय होतो ते पाहण्यासारखे आहे. जमीनधारकाने फाटकावर खिडकी उघडून स्वाराकडून थेट पैसे घेतले तर त्याची जबाबदारी वाढते. तेच पैसे क्लबच्या हातून आले तर वाढत नाही. म्हणजे क्लब हा पैशाचा सुरक्षित मार्ग ठरतो आणि त्याचे कारण क्लबच्या कार्यक्षमतेत नसून कायद्याच्या शब्दरचनेत असते. शिवाय सभासदत्वाबरोबर सामूहिक विमा जोडता येतो आणि त्यामुळे काउंटीच्या वकिलांची झोप शांत होते. संस्था कशा आकाराला येतात याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अवश्य टिपून ठेवावे. लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा दायित्वाच्या नियमांनीच अनेकदा संस्थेचे स्वरूप ठरते.

परंतु कायद्याने निर्माण झालेली अडचण कायद्यानेच दूर करता येते, हेही त्याच प्रांताने दाखविले आहे. २०१६ साली वाटांविषयीचा नवा कायदा करताना ऑन्टॅरिओच्या विधिमंडळाने वाहनतळाच्या आकारासारखे आनुषंगिक शुल्क हे प्रवेशशुल्क समजले जाऊ नये, असे स्पष्ट केले. मग सार्वजनिक जंगलात वाटेच्या देखभालीसाठी घेतलेल्या माफक आकारालाही तेच संरक्षण देणे अशक्य का असावे? दायित्वाची भीती हे सक्तीच्या सभासदत्वाचे कारण असेल, तर ते कारण कायमचे नाही.

आक्षेप कोठे आहे?

पैसे द्यावे लागतात हा या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप नव्हे. वाट झिजविणाऱ्याने तिच्या डागडुजीचा खर्च द्यावा हे न्याय्यच आहे. किंबहुना कधीही मोटारसायकलला हात न लावणाऱ्या करदात्याने तो का सोसावा, असाच प्रश्न विचारता येईल. आक्षेप आहे तो शुल्काला सभासदत्वाचे रूप देण्याला. शुल्क भरणे हा व्यवहार आहे. सभासद होणे हा संबंध आहे. सभासद झाल्याने मनुष्य त्या संघटनेच्या उद्दिष्टांना आपले नाव देतो, तिच्या संख्याबळात भर घालतो आणि तिच्या वतीने केल्या जाणाऱ्या मागण्यांना नकळत अनुमोदन देतो. वाहनधारकांचे संघ केवळ झाडे बाजूला करण्याचे काम करीत नाहीत. ते मंत्र्यांना भेटतात, निवेदने देतात, वाटा वाढवून मागतात, निर्बंधांना विरोध करतात. तसे करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु एखाद्या स्वाराला जंगलात वाटा वाढू नयेत असे वाटत असेल, तर त्यानेही आपल्या मताविरुद्धच्या प्रचाराला पैसे पुरवावयाचे काय?

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत कामगार संघटनांच्या बाबतीत तो दीर्घकाळ गाजला. सार्वजनिक सेवेतील जो कर्मचारी संघटनेचा सभासद नाही त्याच्याकडून वाटाघाटींच्या खर्चाचा वाजवी हिस्सा घेता येईल, राजकीय कार्याचा नाही, असा विवेक तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या अबूड खटल्यात केला. २०१८ साली जेनस खटल्यात त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवून असा हिस्साही सक्तीने घेता येणार नाही असे ठरविले. या दोन निर्णयांपैकी कोणता योग्य याबद्दल मतभेद राहतील. परंतु सेवेचा खर्च आणि संघटनेचा प्रचार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दोन्हींमागील गृहीत महत्त्वाचे आहे.

युरोपातील एक निर्णय याहून बोलका आहे. फ्रान्समध्ये १९६४ च्या व्हर्देय कायद्याने अनेक भागांतील लहान जमीनमालकांना गावच्या शिकार-मंडळाचे सभासद होऊन आपल्या जमिनीवरील शिकारीचा हक्क मंडळाच्या स्वाधीन करणे भाग पाडले होते. ज्यांचा शिकारीला तात्त्विक विरोध होता तेही यातून सुटले नाहीत. आपल्याच शेतात बंदूकधारी फिरताना पाहण्याची आणि वर त्यांच्याच मंडळात आपले नाव असण्याची पाळी त्यांच्यावर आली. शेवटी काही मालकांनी दाद मागितली आणि १९९९ साली मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने शासानू खटल्यात ही सक्ती संघटनास्वातंत्र्याचा भंग करते, असा निर्णय दिला. संघटनेत सामील होण्याच्या स्वातंत्र्यात सामील न होण्याचे स्वातंत्र्यही येते, हे त्यामागील सूत्र होते. पुढच्याच वर्षी फ्रान्सला कायदा बदलावा लागला. त्या मालकांचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जमिनीचा होता, स्वाराचा प्रश्न सार्वजनिक जमिनीचा आहे, हा फरक खराच. तरीही ज्या जमिनीत प्रत्येक नागरिकाचा वाटा आहे तिच्यावर पाऊल ठेवण्यासाठी नागरिकाने एका गटाचा शिक्का घ्यावा, ही कल्पना त्या सूत्राशी जुळणारी नाही.

दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा. कर बसविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना असतो, कारण त्यांना मतदार पाच-चार वर्षांनी जाब विचारू शकतात. ज्या वर्गणीवाचून सार्वजनिक जमिनीवर जाताच येत नाही, ती नाव काहीही असले तरी कराच्या जवळ जाते. ती किती असावी हे मात्र मंडळाची कार्यकारिणी ठरविते. वर्षातून दोनदाच येणारा विद्यार्थी आणि दर रविवारी येणारा सराईत स्वार या दोघांना तीच वार्षिक वर्गणी द्यावी लागली, तर झीज करणाऱ्याने खर्च द्यावा हे तत्त्वही मोडते. परगावचा पाहुणा, जुनी गाडी घेऊन शिकणारा तरुण, बेताच्या मिळकतीचा कामगार हे सर्व पहिल्या पायरीवरच अडखळतात. कार्यकारिणीशी पटत नाही म्हणून एखाद्याचे सभासदत्व रद्द झाले, तर त्याने दाद कोणाकडे मागावयाची? खासगी क्लबातून काढलेला मनुष्य दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो. जंगल मात्र एकच असते.

अन्य मार्ग

क्लबवाल्यांची अडचण खरी आणि आक्षेपकांची तक्रारही रास्त, असे असेल तर मार्ग काय? सुदैवाने त्याच भूखंडावर इतर प्रयोगही झालेले आहेत.

कॅलिफोर्नियाने १९७१ च्या चॅपी-झबर्ग कायद्याने वाहनांना रस्त्याबाहेरील वापरासाठी वेगळी नोंदणी लागू केली. त्या नोंदणीचे शुल्क आणि रानवाटांवर जळणाऱ्या इंधनावरील कराचा अंदाजित हिस्सा एका स्वतंत्र निधीत जमा होतो. त्या निधीतून राज्य स्वतःची वाहन-क्रीडाक्षेत्रे चालविते, खचलेली जमीन दुरुस्त करते आणि नियमभंग करणाऱ्यांवर कारवाई करते. यामागील तर्क सरळ आहे. पेट्रोलवरील कर रस्त्यांसाठी घेतला जातो. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीनेही तो भरलेला असतो. मग तो तिच्या वाटेला परत मिळावा. संघराज्याच्या पातळीवरही १९९१ पासून याच तर्कावर वाटांसाठी निधी दिला जातो. त्यातील ३० टक्के मोटारवाहनांच्या वाटांना, ३० टक्के बिनमोटारी वाटांना आणि उरलेले ४० टक्के दोघांना उपयोगी पडणाऱ्या विविध कामांना, अशी विभागणी आहे. या व्यवस्थेत नागरिकाला कोणाचेही सभासद व्हावे लागत नाही.

न्यू हॅम्पशायर राज्याने मधला मार्ग काढला. तेथे क्लबचे सभासद असलेल्या वाहनधारकाला नोंदणीशुल्क कमी पडते आणि नसलेल्याला अधिक. सक्ती नाही, ओढ आहे. सभासद न होणारा मनुष्य अधिक पैसे देऊन आपले स्वातंत्र्य राखतो आणि सभासद होणाऱ्याला संघटनेच्या श्रमाबद्दल सवलत मिळते. ऑन्टॅरिओतही बर्फगाड्यांच्या बाबतीत २००० सालच्या दुरुस्तीने वाटांचा परवाना सक्तीचा करताना त्याला कायद्याची चौकट दिली गेली. ऑन्टॅरिओतील गॅनरॅस्का हे सुमारे ११,००० एकरांचे जंगल ज्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचे आहे ते तर स्वतःच दिवसाचे व वर्षाचे पास देते. म्हणजे सार्वजनिक संस्थेला खिडकी उघडता येत नाही असे नाही.

या संदर्भात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कार्याचे स्मरण करणे उचित ठरेल. सामायिक मत्ता सरकारने ताब्यात घेतल्याशिवाय किंवा खासगी मालकाला विकल्याशिवाय टिकत नाही, ही समजूत त्यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात अनेक देशांतील कुरणे, कालवे आणि मासेमारी यांच्या अभ्यासाने खोडून काढली. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वापरणाऱ्यांनी मिळून केलेले नियम सरकारी फतव्यांपेक्षा अधिक पाळले जातात, हे त्यांचे निरीक्षण क्लबवाले आपल्या बाजूने सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच ग्रंथात टिकाऊ संस्थांची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत नियमांचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांना नियम बदलण्यात सहभाग असणे, देखरेख करणारे वापरकर्त्यांना जबाबदार असणे आणि तंटे मिटविण्याची स्वस्त व जवळची सोय असणे ही लक्षणेही आहेत. केवळ वर्गणी वसूल करणारे मंडळ म्हणजे ऑस्ट्रॉम यांची सामायिक संस्था नव्हे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील वाचकाला डर्ट बाइकचे प्रश्न दूरचे वाटले तरी त्यांचे तत्त्व दूरचे नाही. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात आणि सिंहगडाच्या घाटरस्त्यावर वर्षभर प्रवासी शुल्क भरतात. त्या कामात स्थानिक गावकऱ्यांच्या समित्यांचा सहभाग असतो. ज्या संयुक्त वनव्यवस्थापनाच्या कल्पनेतून अशा समित्या पुढे आल्या, तिला १९९० सालच्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने देशभर चालना मिळाली. तेथे प्रवाशाकडे शुल्क मागितले जाते. ‘आमच्या समितीचे सभासद व्हा’ असे कोणी म्हणत नाही. शुल्काच्या रकमेबद्दल आणि विनियोगाबद्दल वाद होऊ शकतात, पण प्रवेशाचे तत्त्व निर्दोष आहे.

शिवाय ज्या प्रदेशात सहकाराची चळवळ घराघरांत पोहोचली आहे, तेथे हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. ऐच्छिक आणि खुले सभासदत्व हे सहकाराचे पहिले तत्त्व आहे. पतपेढीचा सभासद झालेला शिक्षक किंवा कारकून आपल्या गरजेने सभासद होतो आणि म्हणूनच तो वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारतो. ज्याला पर्यायच नव्हता तो सभासद वर्गणी भरतो आणि घरी जातो. सक्तीने संघटनेची तिजोरी भरते, पण तिचा प्राण जातो. सक्तीच्या बळावर वाढलेली कार्यकारिणी सभासदांचे मन वळविण्याचे कष्ट घेईनाशी होते, कारण त्यांनी दुसरीकडे जावे अशी जागाच नसते. क्लबांच्या हितचिंतकांनीही या धोक्याचा विचार करावा.

खासगी संस्था सार्वजनिक कार्य करू लागली की तिच्यावर सार्वजनिक बंधने येतात, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनाही परके नाही. क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नव्हे, असे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तथापि त्याचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे असल्यामुळे उच्च न्यायालयाकडे त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, हेही त्याच न्यायालयाने मान्य केले आणि २०१५ साली त्याचा पुनरुच्चार केला. क्रिकेटच्या मैदानाला जे लागू, ते जंगलातील वाटेला लागू न होण्याचे कारण नाही.

तात्पर्य, सार्वजनिक वाटेसाठी नागरिकावर तीन अटी घालणे रास्त आहे. त्याने झिजेचा खर्च द्यावा, त्याच्याकडे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा विमा असावा आणि वाटेचे नियम त्याने पाळावेत. या तिन्ही अटी सभासदत्वाशिवाय पूर्ण करता येतात. एका दिवसाचा, एका हंगामाचा आणि वर्षाचा असा परवाना सार्वजनिक संस्थेने आपल्या नावाने द्यावा. देखभाल करणाऱ्या क्लबला त्यातून कामाच्या प्रमाणात मोबदला मिळावा. सभासदांना व श्रमदान करणाऱ्यांना सवलत द्यावी, म्हणजे घाम गाळणाऱ्याचा मान राहील आणि आयते खाणाऱ्यालाही किंमत मोजावी लागेल. क्लबने परवान्याच्या पैशाचा हिशेब आपल्या प्रचारकार्याच्या हिशेबापासून वेगळा ठेवून प्रसिद्ध करावा. आणि प्रवेश नाकारण्याचा अंतिम अधिकार लोकांना उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्याकडेच असावा.

यात काउंटीला खिडकीवर एक माणूस बसवावा लागेल, क्लबला हिशेबाच्या दोन वह्या ठेवाव्या लागतील आणि विधिमंडळाला दायित्वाच्या कायद्यात एखादे वाक्य घालावे लागेल. एवढी किंमत मोठी म्हणता येणार नाही. एका पिढीने उडत्या वाळूवर रोपे लावली तेव्हा त्यांच्या सावलीत कोणत्या संघाचा बिल्ला लावलेला मनुष्य बसेल याचा विचार तिने केला नव्हता. त्या सावलीची राखण करणाऱ्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, आणि तिची मालकी मात्र सर्वांकडेच राहिली पाहिजे.